मुलीच्या फोनमध्ये कोणते ॲप टाकावे?

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची असून पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. सदाशिव पेठेत दोन मैत्रिणींबरोबर कॉट बेसिसवर राहते आणि रात्री साडेदहापर्यंत अभ्यासिकेत बसते. आम्ही कऱ्हाडला असतो. स्वारगेट बसस्थानकात तरुणीवरील अत्याचाराची घटना घडल्यापासून ती एसटीने यायला निघाली की माझा जीव थाऱ्यावर नसतो. गेल्या महिन्यात तिच्या मावसबहिणीकडून कळले, की अभ्यासिकेतला एक मुलगा बरेच दिवस तिच्या मागे लागला होता आणि खोलीपर्यंत पाठोपाठ यायचा. आम्हाला तिने एका शब्दाने सांगितले नाही. विचारले तर गप्प बसली. तिचे वडील म्हणतात, हे वर्ष संपले की तिला घरी आणू. माझ्या भाच्याचे मोबाइलचे दुकान आहे. तो म्हणतो, तिच्या नकळत फोनमध्ये एक ॲप टाकून देतो. ती कुठे आहे, कुणाशी बोलते, सगळे तुम्हाला घरबसल्या दिसेल. असे करावे का? मुलींच्या सुरक्षेसाठी नेमके कोणते ॲप चांगले? आणि तिला परत आणणेच योग्य होईल का?
— एक आई, कऱ्हाड

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी भाच्याच्या ॲपचा प्रश्न मी आधी घेते, कारण मुलगी पुढच्या वेळी घरी आली की ते काम पाच मिनिटांत उरकले जाईल आणि मग बोलून उपयोग राहणार नाही. ते ॲप टाकू देऊ नका. अशी छुपी ॲप्स बहुधा अधिकृत दुकानातून घेतलेली नसतात. ती टाकण्यासाठी फोनचे स्वतःचे सुरक्षा-कवच आधी बंद करावे लागते, आणि त्यानंतर तुमच्या मुलीचे संदेश, छायाचित्रे, संभाषणे आणि तिचा ठावठिकाणा हे सारे एखाद्या अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पडते. ज्या परक्यांपासून तुम्ही तिला वाचवू पाहता, त्यांच्याच हाती तिची माहिती सोपवण्याचा हा प्रकार आहे, आणि त्या परक्यांत तुमचा भाचाही आला. शिवाय ती सज्ञान आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे, आणि तो अधिकार आईवडिलांच्या काळजीपुढे विरघळत नाही. व्यवहारातली अडचण तर याहून मोठी आहे. बॅटरी लवकर उतरू लागली किंवा फोनने इशारा दिला, की ही गोष्ट आज ना उद्या तिच्या लक्षात येईलच. त्या दिवसापासून ती जिथे जायचे असेल तिथे फोन खोलीत ठेवून जाईल, आणि खऱ्या गरजेच्या वेळी तिच्या हातात फोनच नसेल.

आता कोणते ॲप चांगले, याविषयी. बाजारात महिलांच्या सुरक्षेची म्हणून शेकडो ॲप्स आली आणि गेली. त्यातली बरीचशी वर्षभरानंतर कोणी सांभाळत नाही आणि नव्या फोनवर ती चालतही नाहीत. या कल्पनेच्या उगमाकडे पाहिले तर मात्र त्यात एक शहाणपण दिसते, ते तुम्हाला सांगावेसे वाटते. अमेरिकेत २०११ साली सरकारनेच महाविद्यालयीन तरुण-तरुणींवरील लैंगिक हिंसा रोखण्यासाठी ॲप बनवण्याची स्पर्धा घेतली होती. तिच्या विजेत्यांपैकी ‘सर्कल ऑफ सिक्स’ या ॲपमध्ये मुलीने विश्वासातली सहा माणसे आधीच निवडून ठेवायची आणि अडचण आली की पडद्यावर दोनदा बोट टेकवायचे, एवढेच होते. तेवढ्यावर त्या सहा जणांना ‘मला न्यायला या’ किंवा ‘मला फोन करा, काहीतरी निमित्त हवे आहे’ असा संदेश ती असेल त्या ठिकाणासह जात असे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर त्याची दिल्लीसाठीची आवृत्तीही निघाली. त्यात पोलिसांना बोलावण्याआधीचा जो टप्पा असतो, म्हणजे ‘इथे काहीतरी बिनसते आहे, पण आरडाओरडा करावा इतके नाही’ असे मुलीला वाटते तो, त्याचा विचार केलेला होता. बहुतेक मुली नेमक्या त्या टप्प्यावर एकट्या पडतात.

आज यासाठी वेगळे ॲप घेण्याची गरज उरलेली नाही, कारण तिच्या फोनमध्ये लागणाऱ्या बहुतेक सोयी आधीच आहेत. अलीकडच्या अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचे बटण भराभर पाच वेळा दाबले की आपत्कालीन कॉलची सोय सुरू होते. आयफोनमध्ये बाजूचे बटण आणि आवाजाचे बटण एकत्र दाबून धरावे लागते. काही फोनमध्ये ही सोय मुळात बंद असते. म्हणून सेटिंग्जमधील सुरक्षा आणि आपत्कालीन सेवांच्या भागात जाऊन ती सुरू आहे की नाही हे पाहावे आणि तिथेच आपत्कालीन संपर्क म्हणून दोन-तीन नावे भरावीत. त्यातले एक नाव पुण्यात दहा-पंधरा मिनिटांत पोहोचू शकणाऱ्या माणसाचे असावे. तुमचे नाव असू द्या, पण कऱ्हाडहून पुणे गाठायला तीन तास लागतात हे लक्षात ठेवून. याखेरीज सरकारचे ‘११२ इंडिया’ हे ॲप मी घ्यायला सांगेन. त्यात नाव, क्रमांक आणि संपर्क एकदा नोंदवून ठेवले, की फोन संकटकाळी ठिकाणासह थेट आपत्कालीन केंद्राला हाक देतो. मात्र त्यातही पॉवरच्या बटणाचाच वापर असल्यामुळे फोनची स्वतःची सोय आणि हे ॲप यांपैकी कोणते आधी जागे होते, हे घरात बसून शांतपणे तपासून घ्यावे.

११२ या क्रमांकाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तो सगळ्यांना ठाऊक असतो आणि प्रत्यक्षात लावला फार कमी जातो. फोन कुलूपबंद असला तरी त्यावरून ११२ लावता येतो, आणि आपल्या कंपनीचे नेटवर्क नसेल तर उपलब्ध असलेल्या दुसऱ्या नेटवर्कवरून तो लागू शकतो. महाराष्ट्रातले हे कॉल नवी मुंबई आणि नागपूर येथील केंद्रांत घेतले जातात. म्हणून तिथल्या माणसाला ‘मी पेरूगेटपाशी आहे’ एवढे सांगून भागत नाही. आधी ‘पुणे शहर’, मग भाग, मग रस्ता आणि मग जवळची ठळक खूण, या क्रमाने सांगावे लागते. घाबरलेल्या अवस्थेत हा क्रम सुचत नाही. मुलीने अभ्यासिका ते खोली या वाटेवरच्या चार खुणा अशा पूर्ण वाक्यात एकदा मोठ्याने म्हणून पाहाव्यात. ही सूचना ऐकायला पोरकट वाटेल, पण तोंडात बसलेले वाक्यच त्या क्षणी बाहेर पडते. फोनचे ठिकाण केंद्राला आपोआप दिसत असले, तरी पेठांतल्या दाट वस्तीत ते एखाद-दुसरी गल्ली इकडेतिकडे दाखवू शकते.

ठिकाण कळवण्याची दुसरी सोय रोजच्या वापरातली आहे. व्हॉट्सॲपवर ‘लाइव्ह लोकेशन’ पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तासांसाठी पाठवता येते आणि मुदत संपली की ते आपोआप थांबते. गुगल मॅप्सवरूनही ठिकाण कळवता येते आणि तिथे समोरच्याला फोनची बॅटरी किती उरली आहे तेही दिसते; रात्रीच्या प्रवासात या माहितीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. यातील मुदतीचे महत्त्व मात्र समजून घ्या. मुलीने अभ्यासिकेतून निघताना खोलीवरच्या मैत्रिणीला पंधरा मिनिटांसाठी किंवा एसटीत बसताना तुम्हाला आठ तासांसाठी ठिकाण पाठवले, तर ती स्वतः निर्णय घेऊन मदतीचा दोर तुमच्या हातात देते आहे. चोवीस तास, बारा महिने ठिकाण चालू ठेवण्याची अट घातली, तर त्या ठिपक्याकडे पाहण्याची तुम्हाला सवय होईल आणि त्याचा अर्थ निघून जाईल. वर ‘साडेसात वाजता जंगली महाराज रस्त्यावर काय करत होतीस’ अशा प्रश्नांची सरबत्ती सुरू होईल, ती वेगळीच.

इथपर्यंतचे सारे अनोळखी माणसापासून असलेल्या धोक्याला धरून झाले, आणि तुमचे पत्रही मुख्यतः त्याच भीतीतून आलेले आहे. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगतात, की बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो. तो वर्गमित्र असतो, नातेवाईक असतो, शिकवणारा असतो, प्रियकर असतो. अशा माणसासमोर पॉवरचे बटण पाच वेळा दाबायला बोट धजावत नाही.

पुण्यातल्याच एका विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा रीतीने सांगते. एका संध्याकाळी वर्गातल्या मुलाच्या बाइकवरून ती कोथरूडकडे निघाली होती. वारज्यापाशी वळायचे तिथे तो वळला नाही. ‘पाच मिनिटे खडकवासल्याला जाऊन येऊ’ म्हणाला. तिने दोनदा नको म्हटले, तो हसला आणि गाडी पुढे जात राहिली. तिच्या फोनचे लाइव्ह लोकेशन चालू होते, ११२ हा क्रमांक तिला पाठ होता, आपत्कालीन बटणाची सोयही सुरू होती. तरीही तिने त्यातले काहीच वापरले नाही, कारण तो रोज शेजारच्या बाकावर बसणारा मुलगा होता आणि आपण उगाच तमाशा केला असे उद्या वर्गात होईल, एवढाच विचार तिच्या मनात घोळत राहिला. खोलीवरच्या मैत्रिणीने फोनच्या पडद्यावर ठिपका वळण सोडून पुढे गेलेला पाहिला आणि तिला फोन लावला. त्या दोघींचे आधीच ठरलेले होते, की ‘घरमालकीणबाई आल्यात, भाड्याचे विचारताहेत’ असे एक जण म्हणाली की दुसरीने मोठ्याने उत्तर द्यायचे. हिने बाइकवरूनच मोठ्याने सांगितले, ‘हो, मी नांदेड फाट्यापाशी आहे, अमुकच्या गाडीवर आहे, वीस मिनिटांत आले, त्यांना थांबव.’ आपण कुठे आहोत आणि कोणाबरोबर आहोत हे कुणाला तरी कळले आहे, हे त्या मुलाने ऐकले आणि गाडी वळवली. ठिपका एकट्याने काहीच करू शकत नव्हता. तो पाहणारी मैत्रीण, तिने वेळेवर केलेला फोन आणि आधी ठरलेले ते साधे वाक्य, यांनी मिळून काम केले.

याला अभ्यासाचाही आधार आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींसाठी एकूण बारा तासांचे प्रशिक्षण आखले आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. प्रशिक्षण घेतलेल्या मुलींमध्ये पुढील वर्षभरात बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के होते, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्या मुलींमध्ये ९.८ टक्के. या प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी कोणतेही यंत्र नव्हते. ओळखीचा माणूस मर्यादा ओलांडू लागतो त्याची सुरुवातीची लक्षणे ओळखणे, ‘त्याला वाईट वाटेल’ किंवा ‘आपलाच गैरसमज असेल’ हा मनातला अडसर बाजूला सारणे, आणि तोंडाने व शरीराने ठाम प्रतिकार करणे, हे त्यात शिकवले गेले. अत्याचाराची जबाबदारी अत्याचार करणाऱ्याचीच असते, आणि ज्यांच्या घरात मुलगे आहेत त्यांनी ‘नको’ म्हणजे नको हे त्यांना याच वयात शिकवायला हवे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण तोवर आपल्या मुलीच्या हाती जे देता येईल ते द्यायचेच, आणि त्यात फोनपेक्षा संकोच मोडण्याचा सराव अधिक मोलाचा आहे.

म्हणून माझा सल्ला असा, की तिने तिच्या दोन रूममेटबरोबर आणि पुण्यातल्या एखाद्या विश्वासू मोठ्या माणसाबरोबर एक छोटा गट करावा. तो केवळ याच कामासाठी असावा; त्यावर मेसचा डबा आणि सुप्रभात येऊ नये, म्हणजे त्यावर संदेश आला की तो पाहिला जाईल. दोन वाक्ये ठरवावीत : एकाचा अर्थ ‘मला आत्ता फोन कर’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘मी असेन तिथे ये, काही विचारू नको’. दोन्ही वाक्ये कुणी शेजारून वाचली तरी रोजची वाटावीत. आणि कोणी खोटा इशारा दिला, घाबरून उगाच बोलावले, तरी कोणीही तिला हसणार नाही, हेही बोलून ठरवावे. हा शेवटचा ठराव मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

फोनची दुसरी बाजूही तिला सांगायला हवी. प्रेमाच्या नावाखाली ‘लोकेशन चालू ठेव’, ‘पासवर्ड सांग’, ‘व्हिडिओ कॉल करून दाखव कोणाबरोबर आहेस’ असा हट्ट धरणारी मुले कमी नाहीत, आणि कोवळ्या वयात ही मालकी पुष्कळ मुलींना काळजी वाटते. आता विचार करा : आईवडिलांनीच तिच्यावर चोवीस तास नजर ठेवली, तर ‘जो माझ्यावर प्रेम करतो तो माझ्यावर पाळत ठेवतो’ हाच धडा ती घरून घेऊन जाईल. तिने महिन्यातून एकदा आपले ठिकाण कोणाकोणाला दिसते, आपले व्हॉट्सॲप आणखी कोणत्या संगणकावर जोडलेले आहे, हे तपासावे आणि नको ती नावे काढून टाकावीत. आयफोनमध्ये यासाठी ‘सेफ्टी चेक’ नावाची सोयच दिलेली आहे. कोणी तिच्या छायाचित्रांवरून धमकावत असेल, तर पैसे देऊ नयेत आणि संभाषण पुसू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया व मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही नोंदवता येते.

अभ्यासिकेतल्या त्या मुलाकडे वळते. त्याने जे केले ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ प्रमाणे पाठलागाचा गुन्हा ठरू शकते, आणि पहिल्या वेळी त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. कायद्याच्या दृष्टीने मुलीने आपली नापसंती स्पष्टपणे दाखवलेली असणे महत्त्वाचे असते. म्हणून तो पुन्हा दिसू लागला आणि त्याचे संदेशही येत असतील, तर तिने एकच सभ्य पण निःसंदिग्ध संदेश पाठवावा : ‘मला तुझ्याशी संपर्क नको आहे. माझ्या मागे येऊ नकोस आणि संदेश पाठवू नकोस.’ त्यानंतर त्याच्या कशालाही उत्तर देऊ नये, संदेश पुसू नयेत, आपोआप नाहीसे होणाऱ्या संदेशांची सोय बंद करावी, आणि तो कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठपर्यंत मागे आला याची नोंद फोनमध्ये ठेवावी. अभ्यासिकेच्या चालकांना हे कळायला हवे. पुणे पोलिसांचे दामिनी पथक याच कामासाठी आहे. त्याची मदत घेतली म्हणून लगेच खटला उभा राहतो असे नाही.

तो मुलगा तिच्याच महाविद्यालयाचा असेल तर आणखी एक दार उघडे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे, आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर तिच्यात विद्यार्थ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधीही असावे लागतात. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. सबळ कारण असल्यास ही मुदत वाढवून मिळते. तुम्ही पुण्याला जाल तेव्हा महाविद्यालयाच्या फलकावर या समितीच्या सदस्यांची नावे आणि क्रमांक लावलेले आहेत का, ते स्वतः पाहा. नसतील तर कार्यालयात विचारा. पालकांनी विचारल्याशिवाय अनेक ठिकाणी तो कागद लागत नाही.

काही अघटित घडलेच तर काय करायचे, हे बोलायला जड जाते, तरी माहीत असणे आवश्यक आहे. सरकारी असो वा खासगी, कोणतेही रुग्णालय अत्याचारग्रस्त स्त्रीवर तातडीने आणि विनामूल्य उपचार करण्यास कायद्याने बांधलेले आहे. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ असे ते म्हणू शकत नाही. पहिल्या ७२ तासांत पोहोचल्यास गर्भधारणा आणि एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे देता येतात. ती जितकी लवकर सुरू होतील तितकी अधिक उपयोगी पडतात. अंगावरचे कपडे धुऊ नयेत, प्लॅस्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवावेत. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी. झिरो एफआयआर नोंदवून ते ठाणे ती पुढे पाठवते. मुलीचा जबाब महिला अधिकारी नोंदवतात. तिची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात नाव-फोटो पुढे ढकलणाऱ्यालाही लागू होतो. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्य मिळते आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे लागते. ही माहिती मुलीच्या रूममेटनाही असावी, कारण अशा वेळी पीडितेला काही सुचण्याच्या स्थितीत नसणे स्वाभाविक आहे.

स्वारगेटच्या प्रवासाबद्दल. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या आगारात पहाटे उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये जे घडले, त्यातला पोलीस तपासात पुढे आलेला एक तपशील माझ्या मनातून जात नाही : आरोपीने त्या तरुणीला ‘ताई’ म्हणून हाक मारली आणि तिची गाडी दुसरीकडे लागल्याचे सांगितले. आपल्याकडे मुलींना मोठ्यांचे, आदराने बोलणाऱ्याचे ऐकायचे असते असेच शिकवलेले असते, आणि त्याच सवयीचा फायदा घेतला गेला. तुमच्या मुलीला एवढेच सांगा, की गाडी कुठे लागली हे चौकशी खिडकीवर किंवा गणवेशातल्या वाहकालाच विचारायचे, दिवे बंद असलेल्या गाडीत कोणीही सांगितले तरी चढायचे नाही, आणि अशा वेळी उद्धटपणे ‘नाही’ म्हटले तरी आई रागावणार नाही. कऱ्हाडला दिवसभर गाड्या असतात. शक्य तेव्हा उजेडातली गाडी घ्यावी. नाइलाजाने पहाटे निघायची वेळ आली, तर खोलीपासून फलाटापर्यंत तुमच्याशी फोनवर बोलत राहावे. तुम्हाला पहाटे पाचला उठावे लागेल, ते उठा.

आता तुमचा तिसरा प्रश्न, ज्याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. अभ्यासिकेतला मुलगा इतके दिवस मागे येत होता आणि तुमच्या मुलीने ते मावसबहिणीला सांगितले, तुम्हाला नाही. तिच्याजवळ फोन होता, रेंज होती, तुमचा क्रमांक होता. मग ती गप्प का राहिली असेल? मला वाटते, आपण सांगितले की आपल्यालाच घरी नेतील, हे तिला ठाऊक होते, आणि तिच्या वडिलांचे बोलणे पाहता तिचा अंदाज चुकलाही नव्हता. त्या मुलाच्या वागण्याची शिक्षा तिच्या शिक्षणाला होणार असेल, तर ती पुढच्या वेळीही सांगणार नाही, आणि पुढची वेळ याहून गंभीर असू शकते. गावागावांतून पुण्यात शिकायला आलेल्या मुली मला हेच सांगतात : त्रासाची भीती असतेच, पण घरी कळण्याची भीती तिच्याहून मोठी असते. ही भीती घरात आहे तोवर कोणतेही बटण चालणार नाही, कारण ते दाबायचेच तिने आहे.

तिच्या वडिलांना मी दोष देत नाही. मुलीवर संकट येऊ नये म्हणून तिला डोळ्यांसमोर ठेवावे असे कोणाही बापाला वाटेल. परंतु कऱ्हाडलाही ओळखीची माणसे आहेत, तिथेही रस्ते आहेत, आणि दुसऱ्या वर्षाला अर्ध्यावर सोडलेली पदवी परत मिळवणे किती कठीण असते हे तुम्ही जाणता. तिला परत आणू नका. त्याऐवजी ती या वेळी घरी येईल तेव्हा जेवणे झाल्यावर तिघे बसा आणि तिला सांगा, की काहीही घडले, कितीही वाजले, ती कुठेही आणि कोणाबरोबरही असली, तरी तिने फोन केला तर आधी तिला सुखरूप आणले जाईल. त्या रात्री एकही प्रश्न विचारला जाणार नाही. आणि त्या फोनमुळे तिचे शिक्षण कधीही थांबवले जाणार नाही. हे तुम्ही सांगून पुरणार नाही. वर्ष संपले की घरी आणू, असे तिचे वडील म्हणाले आहेत. तेव्हा ते शब्द मागे घेऊन हे वचन तिला त्यांनीच, त्यांच्या तोंडाने द्यायला हवे.